न्हाणीवरची पुरचुंडी

मंगफ, कुवेत
शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५

शैलावहिनी,

वर काय लिहावं या विचारात दोन कागद फाडले. 'प्रिय' लिहिलं तर तू म्हणशील, आली मोठी प्रेमाची. 'सप्रेम नमस्कार' लिहिलं तर पतपेढीची नोटीस आल्यासारखं वाटेल. म्हणून नुसतं नाव लिहिलंय. माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवला आहेस, आणि दादाच्या फोनवर काही पाठवलं तर ते आधी दादा वाचणार. हे मात्र आधी तुझ्याच हातात पडायला हवंय. आमच्या दवाखान्यातले एक्स-रेवाले मुझफ्फरभाई पुतण्याच्या लग्नाला तीन आठवडे म्हसळ्याला चालले आहेत. वाट वाकडी करून रोह्याला उतरतो आणि वहिनींच्या हातात देतो, असं म्हणाले. त्यांना चहा दे. साखर कमी घेतात.

पत्र चुलीत घालायचं असेल तर माझी ना नाही. फक्त वाचून घाल.

आईची वालाच्या बियांची बरणी सापडली.

तीच ती, हॉर्लिक्सची, झाकणावर निळं फडकं बांधलेली. दाणे राखेत घोळलेले, प्रत्येकाला तो काळा डोळा. ऑगस्टमध्ये आम्ही सालमियाचा फ्लॅट सोडून इकडे मंगफला आलो, सुयशला अहमदीचं ऑफिस जवळ पडतं म्हणून. तेव्हा सामानात निघाली. आईच्या तेराव्यानंतर मी निघाले त्या गडबडीत कुणीतरी लोणच्याच्या बरणीबरोबर माझ्या बॅगेत ठेवली असावी. मला पत्ताच नव्हता.

आईच्या आजारपणात त्या वर्षी वाल पेरलेच नव्हते, हे मला आता आठवतंय. म्हणजे आईचे वाल जगात उरले होते ते त्या एका बरणीतच. दादाने कार्तिकात घर पालथं घातलं, बरणी मिळाली नाही, आणि मग जे झालं ते झालं. ते मी पुन्हा उगाळत नाही.

आता खरी गोष्ट. बियांत जीव आहे का ते बघावं म्हणून मी पंचवीस दाणे भिजत घातले. बिरड्याला घालतो तसेच, रात्रभर पाण्यात आणि मग फडक्यात बांधून. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ आणि चिकट. तिसऱ्या दिवशी वास सुटला. मोड एकाला नाही. इथल्या बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणलेले वाल शेजारच्या वाटीत भिजवले होते, त्यांना मात्र हे लांब मोड. चिडून मी त्यांची उसळ केली आणि सुयशने चांगली झाली म्हटल्यावर त्याच्यावरही चिडले.

बरणीची तब्येत बरी नाही, हे कबूल करते. दोन वर्षं एसीच्या कोरड्या हवेत होती. शिवाय घर बदलताना तो खोका गाडीच्या डिकीत राहिला आणि गाडी शुवैखच्या गॅरेजात पाच दिवस उन्हात उभी होती. ऑगस्टमधलं इथलं ऊन म्हणजे बंद गाडीत पापड भाजून निघतील.

आई पेरायच्या आधी बियांना काहीतरी करायची. मी तेव्हा पेणला हॉस्टेलवर असायचे, मला काही ठाऊक नाही. तुला ठाऊक असेल. तेवढं एक कळव. दादाला एवढ्यात सांगू नकोस.

ज्ञानदा


मंगफ
शुक्रवार, ३ ऑक्टोबर

वहिनी,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

ते मुझफ्फरभाईंनी तुला दिलंही असेल, म्हणून हे कुरिअरने पाठवते आहे. पत्त्यावर फक्त तुझं नाव आहे. दादाने फोडलंच तर फोडू दे.

बरणी माझ्या बॅगेत कुणी ठेवली नाही. मीच उचलली. तू मागच्या दारी भांडी घासत होतीस, दादा रिक्षा बघायला गेला होता. फळीवर बरणी दिसली. आईचं काहीतरी माझ्याजवळ असावं असं वाटलं, आणि मागितलं तर तू नाही म्हणशील असंही वाटलं. का वाटलं ते विचारू नकोस, तू आजवर मला कशालाच नाही म्हटलेलं नव्हतंस. ते बी आहे हे मला कळलं नाही. मला ते बिरड्याचे वाल वाटले. आईची मुलगी, बायोकेमिस्ट्रीची पदवी, आणि राखेतलं बी ओळखता येत नाही!

पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. त्या बरणीतले अर्ध्याहून जास्त वाल मी शिजवले, वहिनी. कुवेतला परतल्यावर दोन महिन्यांनी. उर्वीच्या मैत्रिणींच्या आया जेवायला होत्या, त्यांना कोकणातलं काहीतरी खाऊ घालायचं होतं. राख धुतली, भिजवले. तेव्हा दुसऱ्याच दिवशी टचटचीत मोड आले होते. नारळ घालून बिरडं केलं आणि सगळ्यांनी बोटं चाटली.

नंतर कार्तिकात दादाचा फोन आला. "शैलाने आईचं बी रांधून खाल्लं गं," म्हणाला. आईच्या महिन्याच्या श्राद्धाला तू बाजारचे वाल आणून बिरडं केलं होतंस, त्यावरून त्याने ताळा जुळवला. मी ओट्याशी उभी होते. बरणी समोर होती, अगदी हाताच्या अंतरावर. मला तेव्हा कळलं, वहिनी. त्याच क्षणी कळलं. आणि मी काय म्हणाले? "वहिनीला कुठे कळतंय बेण्यातलं."

तो शब्द दादाने तुझ्यापर्यंत पोचवला हे मला तुझ्या लेकाकडून, सुयोगकडून समजलं. त्यानंतर तू बोलणं टाकलंस. मी इथे सगळ्यांना सांगत राहिले की माझी वहिनी जरा तुसडी आहे.

मला आत्ता हे सगळं लिहायला लावलं ते उर्वीने. ती बारा वर्षांची झाली आता. भिजवलेले वाल ओट्यावर बघून म्हणाली, "बट मम्मा, यू कुक्ड दीज. द ब्लॅक आय वन्स. आय रिमेंबर." मी म्हटलं, छे, ते वेगळे. ती म्हणाली, "नो, सेम जार." आणि निघून गेली.  त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता बियांचं ऐक, कारण त्यात अजून आशा आहे.

माझी एक मैत्रीण आहे, जवेरिया, कराचीची. वाळवंटातल्या झुडपांच्या बियांवर काम करणाऱ्या एका लॅबमध्ये ती असते. तिच्याकडे बरणी घेऊन गेले. तिने आधी दहा दाणे पाण्यात टाकले आणि त्या पाण्यातून वीज किती जाते ते मीटरवर मोजलं. बी धडधाकट असेल तर आतलं मीठ आणि साखर आतच धरून ठेवतं. बी दुखावलेलं असेल तर ते पाण्यात गळतं, आणि मग पाण्यातून वीज जास्त जाते. आपला काटा बकाल्यातल्या वालांच्या चौपट गेला. मला हे लगेच समजलं, कारण मी रोज माणसांचं हेच करते. लिव्हरच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं एन्झाइम रक्तात उतरतं. लिव्हर आम्ही बघत नाही, रक्त बघतो आणि सांगतो की आत काहीतरी बिनसलंय.

मग रंगाची परीक्षा. भिजलेला दाणा मधोमध चिरायचा आणि पाण्यासारख्या रंगहीन द्रवात उबदार जागी ठेवायचा. जिथे जीव आहे, श्वास चालू आहे, तिथे तो द्रव लाल होतो. मेलेला भाग पांढराच राहतो. आठ दाणे ठेवले. दुपारी काढले तर डाळी लालसर, पण जिथून मोड फुटतो ते टोक फिकट. जवेरिया म्हणाली, "किनारे ज़िंदा हैं ज्ञानदा, दिल सफ़ेद है।" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लॅबमध्ये आजपर्यंत मी कधी रडलेली नाही.

पण मग मला दवाखान्यातली एक जुनी युक्ती आठवली. चार कोरडे दाणे, पाणी न लावलेले, कुटून त्यांच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकले. जखमेवर टाकलं की फेस येतो ना, ते. वहिनी, सोड्याची बाटली फोडल्यासारखा फेस आला! जिवंत पेशीतलं एन्झाइम शाबूत असेल तर असा फेस येतो. नुसत्या फेसावरून दाणा उगवेल असं सांगता येत नाही, पण सगळं संपलेलं नाही एवढं तरी कळतं. बरणीतल्या कोरड्या दाण्यांत काहीतरी चालू आहे आणि पाण्यात टाकल्यावर ते संपतंय. याचा अर्थ उन्हाने दाणे हैराण केले असतील, पण मारले नाहीत. मारते आहे मी, भिजत घालून. इतका सुकलेला दाणा एकदम पाणी पितो, आतले पडदे फाटतात आणि सगळं बाहेर गळतं.

जवेरिया म्हणते, हळूहळू ओल द्यायला हवी. पण किती हळू आणि किती दिवस? कमी झाली तर पुन्हा फाटणार, जास्त झाली तर बुरशी. तिच्या पुस्तकात वाळवंटातली झुडपं आहेत, रोह्याचे वाल नाहीत. आणि करून बघायला आता दाणे नाहीत. मी मोजले, चौऱ्याण्णव राहिलेत.

म्हणून सगळं थांबवलंय. बरणी बंद करून ठेवली आहे. आई काय करायची ते आता जगात तुला एकटीलाच माहीत आहे, आणि तुलाच बेण्यातलं काही कळत नाही असं मी म्हणाले होते. देवाला माझी अशीच जिरवायची असेल.

माफी मागायला तोंड नाही, तरी मागते. बियांसाठी नाही, त्या एका वाक्यासाठी.

ज्ञाना


मंगफ
शुक्रवार, २४ ऑक्टोबर

वहिनी,

तुझं पत्र मुझफ्फरभाईंनी १२ तारखेला आणून दिलं. सोबत सुके बोंबीलही. परतीच्या आधी ते मुद्दाम तुझ्याकडे पुन्हा आले, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. "बाय," ते म्हणाले, "तुमची भावजय म्हणाली, जवाब नाय. मी म्हटलां, बरां. आनि ओटीवरच बसून ऱ्हायलो. दोन चाय पिलो. मग गेली आत नि कागद घेऊन आयली." त्यांना मी मिठी मारायची तेवढी राहिली.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटलंय. तू लिहिलंस: "ज्ञाना, पहिलं पत्र वाचून हसले. बरणी पायांनी चालत बॅगेत गेली होय गो? दुसरं वाचून दोन दिवस तुझ्या नावाने भांडी आपटली. सुयोग म्हणाला, आई, डबे चेपतील. माफीचं नंतर बघू. वाल माझ्या सासूचे आहेत, म्हणून सांगते. तुझ्यासाठी नाही."

आणि पुढे: "आत्याबाई पेरायच्या आधी वाल फडक्यात बांधून न्हाणीत हंड्याच्या वर खुंटीला टांगायच्या. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, नुसती वाफ. रोज सांजेला एक दाणा काढून दाताखाली धरायच्या. कट्ट वाजला तर पुरचुंडी परत टांगायची. दात रुतून ठसा राहिला की झालं. चार दिवस लागोत नाहीतर आठ, दिवस मोजायचे नाहीत. मग ओलीत घालायचं. हे त्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकवलं. कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. आणखी एक. दादाला तू सांगायचंस. मी सांगणार नाही."

जवेरियाला हे वाचून दाखवलं, हिंदी करून. ती म्हणाली, "हमारे पास इसके लिए मशीन है। तुम्हारी भाभी के पास दाँत हैं।"

मग आमच्या न्हाणीघरात सव्वीस दाण्यांची पुरचुंडी टांगली, शॉवरच्या दांडीला. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की लोक गीझर बंद ठेवून त्या गीझरमधलंच पाणी गार म्हणून वापरतात. आता जरा निवलंय, तरी वाफेला तोटा नाही. सुयशला ताकीद दिली होती, अंघोळ करताना पुरचुंडीवर शिंतोडा उडाला तर घराबाहेर. बिचारा आठवडाभर कोपऱ्यात उकिडवा बसून अंघोळ करत होता.

पहिल्या दिवशी कट्ट. दुसऱ्या दिवशी कट्ट. चौथ्या दिवशीही कट्ट, आणि माझ्या दाढेतून कळ गेली. जवेरिया म्हणाली, अब डालो पानी में, बहुत हुआ. मी म्हटलं नाही, वहिनीने दिवस मोजू नकोस म्हटलंय. पाचव्या दिवशी आवाज बारीक झाला. सहाव्या दिवशी दात रुतला आणि दाण्यावर ठसा राहिला. मी तोंडातून दाणा काढून उर्वीला दाखवला तर ती "ईऽऽ, मम्मा!" करून पळाली.

उरले वीस. त्यांना ओल्या कागदात गुंडाळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यातले चार चिरून रंगात घातले आणि जवेरियाच्या टेबलाशी आम्ही दोघी वाट बघत बसलो. तीन दाणे आतपर्यंत लाल झाले. टोकापर्यंत, मोडाच्या कोंबापर्यंत. चौथा नाही झाला, तो बिचारा गेला. पण तीन लाल, वहिनी! आपल्या घरच्या जास्वंदीसारखे. उरलेल्या सोळांपैकी बारांना चार दिवसांत मोड आले. मी आनंदाने इतकी ओरडले की जवेरियाचा मुदीर, म्हणजे तिचा साहेब, आत डोकावून बघून गेला.

आता दादाचं.

काल भाऊबीज. व्हिडिओ कॉलवर नेहमीप्रमाणे दादा पाटावर बसला, मी इथून ताट ओवाळलं. तू मागे स्वयंपाकघराच्या दारात होतीस, पदराचं टोक दिसत होतं. ओवाळून झाल्यावर तो म्हणाला, "बोल, काय हवं ओवाळणीला?" मी म्हटलं, "काही नको. ऐक फक्त." आणि सांगितलं. बॅग, बिरडं, फोन, ते वाक्य, सगळं. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबले नाही.

  त्याने मान वळवून दाराकडे बघितलं. तू काय म्हणालीस ते मला शब्दन् शब्द आठवतंय: "आधी जेवून घ्या. दोन वर्षं थांबलं भांडण, अजून तासभर थांबेल."

तो उठला आणि चालता झाला. फोन तसाच पाटासमोर राहिला. मी इथे रिकाम्या पाटाकडे बघत बसले, आणि मग आतून ठोकल्याचा आवाज यायला लागला. ठक ठक ठक. सुयोगला हाक मारून विचारलं, काय चाललंय रे? तो म्हणाला, "आत्या, बाबा न्हाणीत खिळा ठोकतायत. जुनी खुंटी गेल्या वर्षी पडली होती."

मग तू आलीस आणि फोन उचललास. तुझा चेहरा मी दोन वर्षांनी बघितला, वहिनी. केस पांढरे झालेत थोडे. डोळे पुसत होतीस. "कांदा," म्हणालीस. भाऊबीजेच्या श्रीखंडात कधीपासून कांदा घालायला लागलीस? आणि फोन बंद केलास.

मी त्यानंतर खूप रडले आणि मग दोन वेळचं जेवण एका वेळी जेवले. छातीवर काहीतरी बसलेलं होतं ते उठलं. किती जड होतं ते उठल्यावरच कळलं.

ज्ञाना


मंगफ
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

वहिनी,

काल तुझा फोटो दिसला फोनवर, सुयोगच्या बारशातला, कडेवर गुबगुबीत बाळ. म्हणजे ब्लॉक काढलास. मी मेसेज टाइप केला, पुसला, पुन्हा टाइप केला आणि पुसला. मला आता तुझ्याशी कागदावरच बोलायची सवय लागली आहे. हे पत्र माझ्याही आधी पोचावं म्हणून मुझफ्फरभाईंच्या भाचीबरोबर, झुलेखाबरोबर पाठवते आहे. ती आमच्याकडे नर्स आहे, उद्या निघतेय.

कागद झाले! आपल्याच गावचे वाल आपल्याच गावी न्यायला दोन देशांचे शिक्के लागतात हे तुला सांगून खरं वाटणार नाही. येताना हे कागद मी केले नव्हते, बरणी मुकाट्याने आणली होती, तेही चुकलंच. या वेळी सगळं रीतसर. तिकडचा परवाना सुयोगने अर्ज भरभरून मिळवला, त्याचे लाड कर. इकडच्या तपासणीला मी स्वतः उभी राहिले. साहेबांनी बरणी हातात घेतली, अडुसष्ट दाणे बघितले, आणि विचारलं की एवढ्यासाठी? मी म्हटलं, "एवढेच आहेत."

मोड आलेले बारा इथेच राहणार, ते काही विमानात बसणार नाहीत. जवेरियाने चार तिच्याकडे लावले. आठ आमच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांत आहेत. एक वेल कपडे वाळत घालायच्या दोरीला लागलाय, त्यामुळे त्या दोरीवर कपडे घालायचे नाहीत असा उर्वीचा हुकूम आहे. डब्यांवर तिने चिठ्ठ्या लावल्यात. मला वाटलं आजीचं नाव घालेल. वाचलं तर "मामीज वाल".  तिला ते कसं सुचलं हे मी विचारलं नाही. घरात तिच्यासमोर सगळं बोलणं झालंय, पोरीला बरोबर कळलंय.

दादाचा परवा फोन आला होता. भात कापून झाला, ओल चांगली आहे, म्हणाला. मग उगीच घसा खाकरत राहिला. शेवटी म्हणाला, "ज्ञाना, तू खोटं बोललीस ते बोललीस. पण मी एकदा तरी तिला विचारायला हवं होतं ना? थेट ठरवूनच मोकळा झालो." मी म्हटलं, हे मला कशाला सांगतोस, तिला सांग. "सांगितलं," म्हणाला. "काय म्हणाली?" "म्हणाली, सुपं झाडून ठेवा." वहिनी, तू कधी बदलू नकोस.

मी वीस तारखेला, गुरुवारी निघतेय. एकटीच, आठ दिवस. तुझ्या अटी सुयोगकडून कळल्या. एक, पेरणीला मी स्वतः चिखलात उतरायचं, बांधावर उभं राहून फोटो काढायचे नाहीत. कबूल. दोन, या वालांचं बिरडं दोन वर्षं मागायचं नाही. कबूल, माझं आधीच खाऊन झालंय. तीन, पुढे कधी दाणे वाढले आणि शेतात मडक्यात शेंगा भाजायला पोपटी लावली तर भांबुर्डीचा पाला आणायला मी जायचं. तेही कबूल, काटे टोचले तरी.

चौथी अट माझी आहे. अडुसष्टांपैकी पंधरा-वीस तरी उगवणार नाहीत, ते मनाला लावून घ्यायचं नाही. लाल झालेल्यांचा हिशेब मांडला तर पन्नासेक वेल होतील. पन्नास वेल म्हणजे पुढच्या वर्षी बरणीभर बी. आई हेच म्हणाली असती, एका वेलाने सुद्धा घर भरतं.

आल्या आल्या बरणी तुझ्या हातात देईन. राख मी काढलेली नाही, फडकंही तेच आहे. नव्या खिळ्याला पुरचुंडी तूच टांग. माझ्या दाढेने सहा दाणे बघितलेत आणि सहाच्या सहा वेळा मला खात्री नव्हती. तेव्हा दाणा तू चावायचास. ठसा राहिला की नाही ते तू सांगायचंस, आणि पेरायचं कधी तेही. तोवर दादा आणि मी ओटीवर बसून राहू, मुझफ्फरभाई बसले होते तसे, आणि आत काय ठरतं याची वाट बघू. चहा दिलास तर घेऊ.

तुझी,
ज्ञाना